मध्यरात्रीचं सोनेगाव

३० जानेवारी १९४९ पासून नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर रात्रभर दिवे जळू लागले. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री निघालेली विमानं मध्यरात्रीच्या सुमारास इथं एकापाठोपाठ एक उतरत. टपालाच्या थैल्या खाली येत, त्यांची वाटणी होई. दिल्लीची थैली दिल्लीच्या विमानात, मद्रासची मद्रासच्या. सगळी विमानं भरली की ती आलेल्या वाटेनं परत फिरत. काल संध्याकाळी कलकत्त्यात पेटीत पडलेलं पत्र आज सकाळी मुंबईत वाटपाला निघालेलं असे. तेव्हाचे दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांनी ही रात्रीची हवाई टपालसेवा लावून धरली होती. त्याच वर्षी १ एप्रिलपासून देशातली साधी पत्रंही जादा शुल्क न घेता विमानानं जाऊ लागली.

नागपूरच का, याचं उत्तर नकाशात आहे. इथून मुंबई हवाई अंतरानं सातशे किलोमीटरांच्या आत, दिल्ली आणि मद्रास साडेआठशे-नऊशेच्या आसपास, कलकत्ता हजाराच्या जरा अलीकडे. त्या काळचं डाकोटा विमान तासाला पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर कापत असे. म्हणजे कुठूनही निघा, साधारण तीन तासांत सोनेगाव. चार विमानांची एका वेळी गाठ पडावी, असं दुसरं ठिकाण देशात नव्हतं.

या विमानांतून टपालाबरोबर माणसंही जात. दिवसाच्या विमानापेक्षा भाडं कमी पडे, म्हणून व्यापारी, वकील, खासदार असे सगळेच रात्रीची डाक पसंत करत. दिल्लीहून मद्रासला जाणारा माणूस सोनेगावला उतरे, मधला वेळ विमानतळाच्या इमारतीत काढी आणि दुसऱ्या विमानात बसे. या प्रवासाला धोक्याची किनारही होती. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री सोनेगावहून उडालेलं एक डाकोटा लगेचच कोसळलं. वैमानिक तेवढा वाचला. मृतांमध्ये कामगार नेते आणि खासदार हरिहरनाथ शास्त्री होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खाजगी विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण होऊन ही सेवा इंडियन एअरलाइन्सकडे आली होती. अपघातानंतरही ती थांबली नाही. ऑक्टोबर १९७३ पर्यंत सोनेगावची मध्यरात्र अशीच गजबजलेली राहिली.

१९७३ हे साल आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी १७ एप्रिलच्या रात्री अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात फेडरल एक्सप्रेस कंपनीनं १४ छोट्या विमानांतून १८६ पार्सलं २५ शहरांकडे रवाना केली. सगळीकडचा माल रात्री मधल्या एका गावी आणायचा, तिथं वाटायचा आणि पहाटे परत पाठवायचा, ही त्या कंपनीची रीत. पुढं तिच्यावर व्यवस्थापनशास्त्रात भरपूर लिहिलं गेलं. नागपुरात हेच काम त्याआधी चोवीस वर्षं चाललेलं होतं. मेम्फिसचं नाव जिथं जिथं येतं, तिथं सोनेगावचंही यायला हवं.

आज एखादा प्रवासी दोहा, दुबई किंवा फ्रँकफर्टला विमान बदलतो, तेव्हा तो याच रीतीचा भाग असतो. आता थैल्यांच्या जागी माणसं आहेत. थैली कोपऱ्यात पडून राहू शकते. माणसाला भूक लागते, झोप येते, पाय आखडतात, आणि पुढचं विमान चुकेल का, ही धास्ती त्याच्या मनात असते. लांबच्या विमानप्रवासातली सगळी आतिथ्यव्यवस्था या साध्या गरजांतून उभी राहिली आहे.

पहिलं लाउंज मात्र रुबाबासाठी निघालं. १९३९ मध्ये न्यूयॉर्कचा लाग्वार्डिया विमानतळ सुरू झाला, तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सनं तिथं ‘अ‍ॅडमिरल्स क्लब’ उघडला. तिथं प्रवेश निमंत्रणानं. कंपनीच्या मर्जीतल्या मंडळींनाच आरामखुर्ची आणि पेय मिळे. आयर्लंडमधली गोष्ट अगदी वेगळी. १९४० च्या दशकात अटलांटिक ओलांडणारी विमानं इंधनासाठी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर थांबत. आधी फॉइन्स बंदरात पाण्यावर उतरणारी विमानं, मग शॅनन विमानतळ. खराब हवेमुळे समुद्रातून अर्ध्या वाटेवरून परतलेल्या, थंडीनं कुडकुडणाऱ्या प्रवाशांना फॉइन्सच्या जो शेरिडन या आचाऱ्यानं कॉफीत व्हिस्की घालून वर साय सोडून दिली. आज जगभर मिळणारी आयरिश कॉफी ती हीच. १९४७ मध्ये ब्रेंडन ओरीगन यांनी शॅननला करमुक्त वस्तूंचं दुकान काढलं. विमानतळांवरच्या साऱ्या ‘ड्युटी फ्री’ बाजारपेठांचं मूळ त्या दुकानात आहे. ताटकळलेल्या माणसाचं काय करायचं, या प्रश्नाला आयरिश लोकांनी दिलेली ही दोन उत्तरं लाग्वार्डियाच्या बंद दारापेक्षा जास्त टिकाऊ ठरली.

भारतात लाउंजचं दार सामान्य माणसाला उघडलं ते बँकेच्या कार्डानं. काही रुपे कार्डांवर दोन रुपयांत आत जाता येऊ लागलं, आणि ज्यांनी कधी बिझनेस क्लासचं तिकीट पाहिलं नव्हतं ती कुटुंबं मुलाबाळांसह इडली-उपम्याच्या रांगेत दिसू लागली. गर्दी इतकी वाढली की अनेक बँकांनी तिमाहीत ठराविक खर्च केल्याशिवाय ही सोय मिळणार नाही, असे नियम घातले. काही जुन्या प्रवाशांना ही गर्दी खुपते. पण पहाटे तीनला वीज, पाणी, स्वच्छतागृह आणि बसायला मऊ खुर्ची लागते ती सगळ्यांना सारखीच. निमंत्रणाची अट असलेल्या क्लबापासून दोन रुपयांच्या दारापर्यंत झालेला हा प्रवास चांगलाच म्हणायला हवा.

नागपूरच्या याच सोनेगाव विमानतळाला २००५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं. परदेशी जाणाऱ्यांसाठी त्याची खरी वेळ अजूनही मध्यरात्रीनंतरचीच. दोह्याला जाणारं कतार एअरवेजचं आणि शारजाला जाणारं एअर अरेबियाचं विमान गेली अनेक वर्षं उत्तररात्री सुटत आलं आहे. मूल पुण्या-बंगळूरमार्गे अमेरिकेत स्थिरावलं आणि आईवडील यवतमाळला, अमरावतीला, चंद्रपूरला राहिले, अशा घरांना ही विमानं मोठा आधार वाटतात. मुंबई किंवा दिल्लीला जाऊन एक टर्मिनल शोधण्याचा, सामान ओढण्याचा त्रास वाचतो. रात्री जेवून वर्धा रोडला लागायचं, सामान एकदाच सोपवायचं आणि ते थेट न्यूयॉर्क किंवा शिकागोला घ्यायचं.

नागपूर ते दोहा सुमारे चार तास. खरी परीक्षा दोह्याला सुरू होते. हमाद विमानतळ २०१४ मध्ये सुरू झाला. तिथल्या मुख्य चौकात उर्स फिशर या कलावंताचं सात मीटर उंचीचं पिवळं अस्वल बसलेलं आहे, डोक्यावर दिवा घेऊन. चुकामूक झाली तर ‘अस्वलापाशी भेटू’ असं सांगायला ते भलतंच उपयोगी. २०२२ पासून तिथं खऱ्या झाडांची एक बागही आहे, छताखाली. इंग्रजी फारसं न येणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना मात्र बागेपेक्षा व्हीलचेअर महत्त्वाची. चालू शकणारे ज्येष्ठही अनेकदा ती मागतात. त्यांना खुर्चीपेक्षा हात धरून योग्य दारापर्यंत नेणारं कुणीतरी हवं असतं. ती मागणी काही जणांना अनाठायी वाटते. पण अनोळखी विमानतळावर पुढचं विमान गाठायचं असलेल्या सत्तरीच्या माणसाची भीती खरी असते, आणि ती दूर करणं हा सेवेचा मूळ हेतू आहे.

दोह्याहून न्यूयॉर्क साधारण चौदा तास. या चौदा तासांत शरीराचं काय होतं?

महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर उडतं, आणि आतली हवा दाबून ठेवलेली असली तरी ती समुद्रसपाटीइतकी दाट नसते. बहुतेक विमानांत ती २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होऊ दिली जाते. बोइंग ७८७ चं धड कार्बनच्या धाग्यांपासून बनवलेलं असल्यानं जास्त दाब सोसतं, म्हणून तिथं ही पातळी १,८०० मीटरच्या आसपास ठेवता येते. म्हणजे उत्तम विमानातसुद्धा प्रवासी चौदा तास कळसूबाईच्या माथ्याहून उंच जागी बसलेला असतो. निरोगी माणसाला ते जाणवत नाही. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा आजार असलेल्याला जाणवू शकतं, आणि म्हणूनच अशांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं असं सांगतात.

हवा कोरडीही असते. आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्या खाली, नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारसारखी. नाक सुकलं की वास मंदावतो आणि वासाबरोबर चवही. २०१० मध्ये लुफ्तान्सानं जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेकडून याचा अभ्यास करून घेतला. विमान कंपनीला कोडं पडलं होतं की हवेत लोक इतका टोमॅटोचा रस का मागतात. कमी दाबात मीठ आणि साखर दोन्हींची चव फिकी लागते, असं त्यात दिसलं. टोमॅटो, मशरूम, जुनं चीज यांतली ‘उमामी’ नावाची मांसल चव मात्र टिकून राहते. २०१५ च्या कॉर्नेल विद्यापीठातल्या प्रयोगात इंजिनासारख्या आवाजानं गोडाची जाणीव कमी आणि उमामीची जास्त झाल्याचं आढळलं. विमानातलं वरण आळणी लागलं तर दोष नेहमी आचाऱ्याचाच असतो असं नाही. वैदर्भीय प्रवाशाच्या पिशवीतली जवसाची चटणी या बाबतीत शहाणपणाची. तिखटाची जाणीव जिभेवरच्या चवीच्या कळ्यांतून होत नाही, ती वेदना पोचवणाऱ्या मज्जातंतूंकडून येते.

पाय हलवत राहणं हे सर्वांत महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून जास्त वेळ बसून प्रवास केल्यास शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. तरीही तो सहा हजारांत एक इतका कमी आहे. विमान, रेल्वे, बस, मोटार यांत याबाबत फरक नाही. दर तासा-दोन तासांनी उठून मागच्या कोपऱ्यापर्यंत चालून येणं, पाणी पीत राहणं, एवढं पुरे. मागचा तो कोपरा म्हणजे गॅली, केबिन क्रूचं स्वयंपाकघर. तिथं पाणी मागायला गेलेल्या आजींना क्रू बहुधा बोलतंही करतो. त्या गप्पांत कामाचा भाग असतो. आजींना धाप लागली आहे का, त्यांनी गोळी घेतली का, हे त्यातून कळतं.

हे लक्ष कुठून आलं, याला एक जन्मतारीख आहे. १५ मे १९३०. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातली एलन चर्च नावाची परिचारिका विमान चालवायला शिकली होती. वैमानिक म्हणून तिला कुणी घेईना. तेव्हा तिनं बोइंग एअर ट्रान्सपोर्टला सुचवलं की विमानात परिचारिका ठेवा, लोकांची भीती कमी होईल. त्या दिवशी ओकलंडहून शिकागोला निघालेल्या विमानात ती स्वतः होती. वीस तासांचा प्रवास, वाटेत तेरा थांबे. पहिल्या तुकडीतल्या आठही जणी परिचारिका होत्या. खाणं वाढण्याबरोबर त्यांना सामान चढवावं लागे, इंधन भरताना मदत करावी लागे, प्रसंगी विमान ढकलून हँगरमध्ये न्यावं लागे. अटी कडक: वय पंचवीसच्या आत, वजन ११५ पौंडांच्या आत, लग्न झालेलं नको.

त्या अटी भारतातही पोचल्या आणि बराच काळ टिकल्या. एअर इंडियाच्या नियमांत हवाई सुंदरीनं पस्तिसाव्या वर्षी निवृत्त व्हायचं, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर किंवा पहिल्यांदा दिवस गेले तर नोकरी सोडायची, असं होतं. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी न्यायालयात गेल्या. २८ ऑगस्ट १९८१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं गरोदरपणाची अट मनमानी आणि स्त्रीत्वाचा अपमान करणारी ठरवून रद्द केली. लग्नाची अट मात्र तेव्हा कायम राहिली, हे या निकालातलं शल्य. चारच वर्षांनी, नोव्हेंबर १९८५ मध्ये, कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कलकत्त्याहून सिल्चरला फोकर फ्रेंडशिप विमान नेलं, तेव्हा त्या विमानातला सगळा कर्मचारीवर्ग स्त्रियांचा होता. एलन चर्चला जे नाकारलं गेलं, ते पंचावन्न वर्षांनी एका मराठी स्त्रीनं करून दाखवलं.

सेवेचा नीटनेटकेपणा भारतीय विमानांत आणला तो जे. आर. डी. टाटांनी. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं, त्यात ते स्वतः होते. पुढं प्रत्येक प्रवासात ते प्रवाशाच्या नजरेनं टिपणं काढत आणि कार्यालयाला पाठवत. पडद्याचा रंग, बिअर थंड होती का, चहा आणि कॉफी दिसायला एकसारखी का येते, असे बारकावे त्यांत असत. एवढ्या मोठ्या उद्योगसमूहाचा प्रमुख चहाच्या रंगाकडे पाहतो, हे कर्मचाऱ्यांपर्यंत पोचलं होतं, आणि १९६०च्या दशकात एअर इंडियाची जगात ख्याती झाली त्यात याचा वाटा मोठा.

तरीही केबिन क्रू विमानात असण्याचं कायदेशीर कारण जेवण हे नाही. साधारण नियम असा की पन्नास आसनांमागे किमान एक कर्मचारी हवा, आणि नवं विमान मंजूर होताना अर्धी दारं बंद ठेवूनही सगळे प्रवासी नव्वद सेकंदांत बाहेर पडू शकतात, हे दाखवावं लागतं. दारात हसून ‘नमस्ते’ म्हणणारी व्यक्ती त्याच क्षणी पाहत असते: कुणाचे पाय अडखळताहेत, कुणाला ताप दिसतो, संकटात दार उघडायला कोण धडधाकट आहे. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी ती गप्प बसलेली दिसते, तेव्हा आग लागली तर कुठलं दार, कुठला आदेश, कुणाला मदत, याची मनात उजळणी चालू असते. ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीत पॅन अ‍ॅमच्या विमानात घुसलेल्या दहशतवाद्यांसमोर मुंबईच्या नीरजा भनोट यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे केलं, ते याच प्रशिक्षणाच्या आणि त्यापलीकडच्या धैर्याच्या बळावर. प्रवाशांना वाचवताना नीरजा गेल्या. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

आजारपणाचे प्रसंग त्यामानानं नेहमीचे. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१३ साली आलेल्या मोठ्या पाहणीत साधारण ६०४ उड्डाणांमागे एकदा कुणाला तरी वैद्यकीय मदत लागल्याचं दिसलं. सर्वांत जास्त लोक चक्कर येऊन पडले होते. जवळपास निम्म्या वेळा प्रवाशांत असलेला डॉक्टर पुढं आला. शंभरातल्या सातेक प्रसंगी विमान वाट सोडून दुसरीकडे उतरवावं लागलं.

आणि वाट सोडायची तर कुठं, या प्रश्नाला भारतावरून जाणाऱ्या विमानांसाठी एक उत्तर नेहमी तयार असतं: नागपूर. आखात आणि आग्नेय आशिया यांच्यातले कितीतरी हवाई मार्ग विदर्भाच्या आसपासून जातात. २७ ऑगस्ट २०२१ रोजी मस्कतहून ढाक्याला चाललेल्या बिमान बांगलादेशच्या विमानात १२४ प्रवासी होते. रायपूरच्या आसपास असताना कॅप्टनला हृदयविकाराचा झटका आला. सहवैमानिकानं कोलकात्याच्या नियंत्रण कक्षाशी बोलून विमान नागपूरकडे वळवलं आणि सुखरूप उतरवलं. कॅप्टनना शहरातल्या रुग्णालयात नेण्यात आलं. तीन दिवसांनी त्यांचं निधन झालं. प्रवासी मात्र सगळे सुरक्षित होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच कंपनीचं ढाक्याहून दुबईला निघालेलं मोठं विमान तांत्रिक कारणानं मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात उतरलं. सुमारे चारशे प्रवासी, ज्यांच्या तिकिटावर नागपूर हे नाव कुठंच नव्हतं, ते इथल्या टर्मिनलमध्ये पुढच्या विमानाची वाट पाहत बसले. आलिशान लाउंज असोत वा नसोत, अशा रात्री पाणी, दूध, अन्न आणि खरी माहिती देणारा माणूस हेच आतिथ्य असतं.

विमानतळाच्या दक्षिणेला मिहान या औद्योगिक क्षेत्रात या सगळ्याची न दिसणारी बाजू आहे. एअर इंडियानं २००५-०६ मध्ये बोइंगला ६८ विमानांची मागणी नोंदवली, तेव्हा बोइंगनं भारतात देखभाल केंद्र उभारायचं कबूल केलं होतं. ते नागपूरला आलं आणि २०१५ पासून बोइंग ७७७ आणि ७८७ सारखी लांब पल्ल्याची विमानं इथल्या हँगरमध्ये येतात. मोठ्या तपासणीत केबिन जवळजवळ उघडी केली जाते. खुर्च्या निघतात, भिंतींचे पत्रे उतरतात, डोक्यावरच्या ऑक्सिजन मुखवट्यांची, दारातल्या गुंडाळलेल्या घसरगुंड्यांची, गॅलीतल्या भट्ट्यांची तपासणी होते. छताच्या आत क्रूला पाळीपाळीनं झोपण्यासाठी केलेल्या अरुंद खाटाही तेव्हाच उघड्यावर येतात. प्रवाशांपैकी फार थोड्यांनी त्या पाहिलेल्या असतात. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी नागपूर विमानतळाच्या सुमारे सात हजार कोटी रुपयांच्या विस्ताराची पायाभरणी झाली. त्यात नवी इमारत येईल, लाउंजही मोठी होतील. मिहानमधला तंत्रज्ञ तोवर खुर्ची क्रमांक अमुकचा पट्टा नीट अडकतो का, हे हातानं ओढून बघतो, वहीत नोंद करतो आणि पुढच्या खुर्चीकडे वळतो.